गो, नो-गो

सातपूरच्या कंपनीत माझं काम भोकं तपासायचं.
हसू नका. बुशच्या भोकात गेजचं एक टोक जायला हवं,
दुसरं जाता कामा नये.
गो. नो-गो.
अकरा वर्षं, दिवसाला बाराशे वेळा.
झोपेतही माझी बोटं फिरतात म्हणे.

गेजही झिजतं, स्टीलचं असलं तरी.
डबीवर तारीख असते; त्या तारखेला ते तपासायला पाठवायचं.
सप्टेंबरात मी पाठवलं नाही.
लेकीचा ताप, गणपतीत गावी गेलेल्यांची कामं,
कारणं पुष्कळ. तारीख एकच.

चाकणहून लॉट परत आला. पिन बसेना.
आमच्या सुपरवायझरचं आडनाव पगार,
नाव निघालं की जो तो खिसा चाचपतो.
त्यांनी मशीनवरच्या पोराकडे पाहिलं. काशिनाथ भोये,
पेठकडचा, कंत्राटी, डब्यात नागलीची भाकर.
"तूच ना रे?"
तो पायांकडे बघत राहिला.
मी गेजकडे.
गेटवर त्याचं कार्ड ठेवून घेतलं.
तीनला शिफ्ट सुटली. कुणी म्हणालं, चहा घेणार?
घेतला.

मी कोण, हे सगळ्या कंपनीला ठाऊक.
जेवणाआधी मी डोळे मिटते, तेव्हा शेजारची शेलार
घास हातात धरून थांबते, मी कधी सांगितलेलं नसताना.
भांडण लागलं की म्हणतात,
सुवार्ताला विचारा, ती खोटं बोलायची नाही.
मी खोटं बोललेच नव्हते.
कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी शरणपूरला प्रभुभोजन.
रांगेत माझ्यापुढे दोनच माणसं उरलेली,
पाळकांनी भाकर मोडली
आणि मला दिसली नागलीची,
डब्यात अर्धी राहिलेली.
मी वळले. बाकावर येऊन बसले.
सासूबाई कुजबुजल्या, चक्कर आली का?
हो म्हटलं.
म्हणजे आता खोटंही बोलले.

सोमवारी पगारांच्या टेबलावर डबी ठेवली,
तारीख वर करून.
"मॅडम, मिटलंय ते. कशाला उकरता?"
मग मेमो. इन्क्रिमेंट गेलं.
सगळ्या सेक्शनचं ऑडिट लागलं, जुनी रजिस्टरं, रात्री आठपर्यंत.
शेलार म्हणाली, तुझं पुण्य, आमचा ओव्हरटाइम.
तेवढंच म्हणाली आठवडाभरात.

जिन्यात खैरनार वहिनी कोथिंबीर निवडत होत्या.
"तुमच्यात असं सांगावंच लागतं का हो?"
"तुमच्यात नाही?"
त्यांनी तीन-चार काड्या निवडल्या.
"लागतं. सांगतं कोण?"
मग मागून हाक मारली,
"पेठ फाट्यावर बघा. यांचा पिकअप तिथूनच मजूर भरतो."

सकाळचे सहा. छाटणीचे दिवस,
दिंडोरीच्या बागांकडे निघालेल्या गाड्या,
आणि काशिनाथ, कमरेला कात्री खोचून.
मी सगळं सांगितलं. कार्ड परत मिळेल, हेही.
"इथं चारशे सुटतात ताई. तिथं सव्वातीनशे."
थोडं थांबून म्हणाला,
"मला माहीत होतं. तुमचं गेज सैल जायचं.
मी एकदा घालून पाहिलं होतं, हाताला कळतं."
"मग बोलला का नाहीस?"
"तुम्ही डोळे मिटून जेवता.
मला वाटलं, तुम्ही बोलाल."

पिकअपनं हॉर्न दिला. तो चढला.
माफ केलं का, हे मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.

सातला कार्ड पंच केलं.
नवं गेज, नवी तारीख, भोकं तीच.
दुपारी डबा उघडला.
आज डोळे मिटायची लाज वाटली.
तरी मिटले. शब्द सुचेनात,
नुसतीच बसून राहिले काळोखात.

उघडले, तर शेलार माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.
हातात घास मात्र
तसाच धरलेला.